शुद्धिपत्राची वंशावळ

माझ्या कपाटात जेम्स जॉइसच्या 'युलिसिस'च्या दोन प्रती शेजारी शेजारी उभ्या आहेत. स्टीफन डेडॅलस या तरुणाला पॅरिसमध्ये असताना घरून तार आली होती, आई अखेरच्या घटका मोजते आहे, निघून ये, अशी. पहिल्या प्रतीत त्या तारेचा पहिला शब्द 'मदर' आहे. दुसऱ्या प्रतीत त्याच जागी 'नदर' छापले आहे. पहिली प्रत वाचताना अर्थ बिनचूक लागतो, पण एक गोष्ट खटकत राहते. असली तार स्टीफनला चारचौघांना दाखवण्याजोगी गंमत का वाटावी? दुसऱ्या प्रतीत कोडे सुटते. परक्या भाषेतली तार उतरवताना कुणा तारबाबूकडून 'म'चा 'न' झाला आणि मरणाच्या बातमीला चुकीचा शेंडा फुटला. जॉइसने ही चूक मुद्दाम लिहिली होती. छापखान्याच्या वाटेवर कुणीतरी ती सद्भावनेने सुधारली, आणि ती सुधारणा 1922 पासून 1984 पर्यंत, म्हणजे बासष्ट वर्षे, पुस्तकात ठाण मांडून बसली.

पाठभेद म्हटले की आपल्याला पोथ्या आठवतात. ज्ञानेश्वरीत शिरलेले अपपाठ काढून शके 1506 मध्ये एकनाथांनी तिची शुद्ध प्रत सिद्ध केली, हे आपण शाळेत शिकलेलो असतो. महाभारताच्या शेकडो पोथ्या पुण्यात ताडून पाहिल्या गेल्या, हेही ऐकलेले असते. पण विसाव्या शतकात यंत्रावर छापलेली, लेखकाच्या डोळ्यांखालून गेलेली कादंबरी? तिची म्हणून एकच संहिता असणार असे आपण गृहीत धरतो. हे गृहीतक किती पोकळ आहे ते पाहायचे, तर 'युलिसिस'च्या आवृत्त्यांइतकी चांगली वाट दुसरी नाही. त्या वाटेने आपण सावकाश जाऊ.

जॉइस ही कादंबरी 1914 ते 1921 अशी सात वर्षे लिहीत होता. ती त्रिएस्तमध्ये सुरू झाली, झ्यूरिकमध्ये वाढली आणि पॅरिसमध्ये पुरी झाली. 16 जून 1904 या एकाच दिवसाच्या डब्लिनची ही कथा डब्लिनमध्ये मात्र एका ओळीनेही लिहिली गेली नाही. लिहून होतील तशी प्रकरणे मार्च 1918 पासून 'द लिटल रिव्ह्यू' या अमेरिकी मासिकात येऊ लागली. मार्गारेट अँडरसन आणि जेन हीप या दोघी ते चालवत. जॉइसचे हस्तलिखित टंकलिखित होऊन एझ्रा पाउंडकडे जाई आणि पाउंड ते अमेरिकेला धाडी. या कादंबरीचा पहिला संपादक शोधायचा तर तो हा पाउंडच. लिओपोल्ड ब्लूम सकाळी परसाकडे जातो त्या भागातल्या वीसेक ओळी त्याने लेखकाला न विचारता छाटल्या. पाउंड जॉइसचा कैवारी होता, त्याच्यासाठी पैसे गोळा करणारा होता. पुस्तकावर पहिली कात्री मित्राने चालवली, शत्रू मागाहून आले.

ते आले तेव्हा टपाल खात्याच्या रूपाने आले. मासिकाचे अंक जप्त झाले, जाळले गेले. मग 1920 च्या उन्हाळी अंकातल्या समुद्रकिनाऱ्यावरच्या प्रकरणावरून न्यूयॉर्कच्या दुराचार-प्रतिबंधक संस्थेचे सचिव जॉन समनर यांनी फिर्याद केली. फेब्रुवारी 1921 मध्ये तीन न्यायाधीशांनी दोन्ही संपादिकांना प्रत्येकी पन्नास डॉलर दंड ठोठावला. त्यांचे वकील होते जॉन क्विन. हे नाव आपण ध्यानात ठेवू, कारण जॉइसच्या हातची सुवाच्य प्रत हप्त्याहप्त्याने विकत घेणारे गृहस्थही हेच. पुढे 1924 मध्ये क्विननी ती लिलावात काढली आणि रोझेनबाख नावाच्या ग्रंथव्यापाऱ्याने 1,975 डॉलरांना घेतली. जॉइसला ही किंमत अपमानास्पद वाटली. ती प्रत फिलाडेल्फियात विसावली आणि पन्नास वर्षांनी तिच्यावरून महाभारत घडले, पण त्याला अवकाश आहे.

1921 च्या वसंतात पॅरिसमध्ये दुसरे संकट आले. वेश्यावस्तीतल्या रात्रीचे लांबलचक प्रकरण टंकलिखित करायला टंकलेखिका टिकेनात. अखेर ज्या बाईंनी ते काम घेतले त्यांचे यजमान ब्रिटिश वकिलातीत नोकरीला होते. त्यांनी टेबलावरची पाने सहज चाळली, संतापले आणि काही पाने विस्तवात टाकली. तो मजकूर आता फक्त समुद्रापलीकडे क्विनकडच्या प्रतीत उरला होता. क्विननी प्रत परत पाठवली नाही, त्या पानांची छायाचित्रे काढून पाठवली आणि त्यांवरून प्रकरण सांधले गेले. कोणत्या पानाला कोणता पूर्वज, हा प्रश्न इथूनच गुंतागुंतीचा होऊ लागतो.

अमेरिकेत शिक्षा, इंग्लंडात छापायला कुणी तयार नाही. 1918 मध्ये हॅरिएट शॉ वीव्हर या जॉइसच्या आश्रयदात्या बाई हस्तलिखित घेऊन लेनर्ड आणि व्हर्जिनिया वुल्फ यांच्या घरी गेल्या होत्या, पण त्यांच्या लहानशा हातछापखान्याला एवढे पुस्तक झेपण्यासारखे नव्हते. अशा वेळी पॅरिसमध्ये 'शेक्सपिअर अँड कंपनी' नावाचे इंग्रजी पुस्तकांचे दुकान चालवणाऱ्या सिल्व्हिया बीच पुढे झाल्या. त्यांनी तोवर एकही पुस्तक प्रकाशित केले नव्हते. त्यांच्या स्नेही आद्रिएन मोनिए यांच्या ओळखीने डीजाँचे मुद्रक मोरिस दारांतिएर यांना काम मिळाले. आवृत्ती हजार प्रतींची ठरली. शंभर प्रती डच हातकागदावर लेखकाच्या सहीसह, दीडशे त्याहून थोड्या साध्या कागदावर आणि उरलेल्या साडेसातशे साध्या कागदावर, किंमत दीडशे फ्रँक. मुखपृष्ठ ग्रीसच्या झेंड्याच्या निळ्या रंगाचे हवे, हा जॉइसचा हट्ट. हवा तो निळा कागद मिळेना, तेव्हा पांढऱ्या कागदावर निळा रंग छापून घेतला गेला.

आता डीजाँच्या त्या छापखान्यात आपण क्षणभर उभे राहू. खिळे हातांनी जुळवले जात आहेत. जुळाऱ्यांपैकी बहुतेकांना इंग्रजी येत नाही. समोरच्या मजकुरात डब्लिनची गल्लीबोळातली बोली आहे, लॅटिन आहे, चर्चमधले मंत्र आहेत, जोडून लिहिलेले आणि मोडून लिहिलेले शब्द आहेत. मला स्वतःला वाटते की भाषा न कळणारा जुळारी एका अर्थी बरा, कारण तो अक्षर पाहून अक्षर लावतो. थोडीशी कळणारा अधिक घातकी, तो अर्थ लावायला जातो. पण खरी आपत्ती खुद्द लेखकाची होती. लेखक मुद्रिते मागवतो ती चुका काढायला. जॉइस ती मागवी पुढे लिहायला. गॅली आली की तिच्या समासांत नव्या ओळी चढत, पाने पडली की त्यांवरही चढत, आणि पुन्हा नव्या मुद्रितांची मागणी जाई. सुमारे एक तृतीयांश कादंबरी अशी मुद्रितांच्या कडेला लिहिली गेली. त्याचे डोळे तेव्हा अधू झाले होते, त्या उन्हाळ्यात दुखणे एवढे विकोपाला गेले की काही आठवडे काम ठप्प झाले. एका मुद्रितावर केलेली दुरुस्ती पुढच्यावर नेताना सुटली, की ती कायमची सुटली. आणि पुस्तक काही झाले तरी चाळिसाव्या वाढदिवशी, 2 फेब्रुवारी 1922 ला, हातात हवे होते. त्या दिवशी सकाळी सातला डीजाँहून येणाऱ्या गाडीच्या गार्डने दोन प्रती सिल्व्हिया बीचच्या हवाली केल्या. एक जॉइसला गेली, दुसरी दुकानाच्या खिडकीत लागली.

गंमत अशी की मुद्रणदोष हा या कादंबरीचा विषयच आहे. ब्लूम वर्तमानपत्राच्या जाहिराती मिळवणारा माणूस. एक अख्खे प्रकरण वृत्तपत्राच्या कचेरीत घडते. तिथे उलटे खिळे सराईतपणे वाचणाऱ्या जुळाऱ्याकडे पाहताना ब्लूमला उजवीकडून डावीकडे धर्मग्रंथ वाचणारे आपले वडील आठवतात. सकाळी तो एका अंत्ययात्रेला गेलेला असतो. संध्याकाळच्या अंकात तिची बातमी येते तेव्हा हजर असलेल्यांच्या यादीत ब्लूमचा 'बूम' झालेला असतो, गैरहजर स्टीफनचे नाव पदवीसह झळकते, आणि मॅकिन्टॉश, म्हणजे आपला रेनकोट, घातलेल्या एका अनोळखी माणसाला वार्ताहराच्या गैरसमजातून चक्क मॅकिन्टॉश हे आडनाव मिळते. एका चुकीतून एक माणूस जन्माला येतो. अशा पुस्तकाचे मुद्रितशोधन कोण करणार? 'बूम' सुधारायचे की ठेवायचे, हे त्याला कोण सांगणार? शेवटून दुसऱ्या प्रकरणाच्या अखेरीस एका प्रश्नाचे उत्तर म्हणून जॉइसने नुसता एक ठसठशीत टिंब मागितला होता. पुढच्या आवृत्त्यांत कुठे तो बारीक झाला, कुठे अजिबात गळाला. शाईचा डाग म्हणून कुणी पुसला असेल तर त्याला तरी काय दोष द्यावा!

पहिल्या आवृत्तीच्या आरंभी सिल्व्हिया बीचच्या आद्याक्षरांनी एक छोटी सूचना होती. अपवादात्मक परिस्थितीत अटळ ठरलेल्या मुद्रणदोषांबद्दल वाचकांनी उदार व्हावे, एवढाच तिचा आशय. पोथी उतरून झाल्यावर लेखनिक शेवटच्या पानावर पाठ मोडला, मान वाकली, चुका पोटात घाला असे विनवतो, त्याच घराण्यातली ही सूचना. फरक इतकाच की लेखनिक शेवटी क्षमा मागतो, प्रकाशिकेने ती सुरुवातीलाच मागून ठेवली. ऑक्टोबर 1922 मध्ये वीव्हरबाईंच्या इगोइस्ट प्रेसने डीजाँलाच दोन हजार प्रतींची पुढची आवृत्ती काढली, तिच्यासोबत शुद्धिपत्र होते. पुढच्या छपायांत ते शुद्धिपत्रही लांबत गेले. पण यांतल्या शेकडो प्रती अमेरिकेत जप्त झाल्या, आणि त्यांच्या बदली छापलेल्या पाचशे प्रती जानेवारी 1923 मध्ये इंग्लंडच्या फोकस्टन बंदरावर सीमाशुल्कवाल्यांनी धरल्या. लंडनमधले मुख्य सरकारी अभियोक्ते सर आर्चिबाल्ड बॉडकिन यांनी पुस्तक अश्लील ठरवले ते शेवटची चाळीसेक पाने वाचून. बाकीची सातशे-एक पाने त्यांनी उघडली नाहीत. पॅरिसमध्ये मात्र सिल्व्हिया बीच पुस्तक छापत राहिल्या, आणि इगोइस्टच्या दोन धरून 1930 पर्यंत अकरा छपाया झाल्या. 1926 मध्ये सगळे खिळे नव्याने जुळवले गेले. जुन्या चुका गेल्या, नव्या आल्या.

इथे कथेत चोर प्रवेश करतो. त्या काळच्या अमेरिकी कायद्यानुसार परदेशी लेखकाच्या इंग्रजी पुस्तकाला पक्के हक्क हवे असतील, तर ठरलेल्या मुदतीत ते अमेरिकेतच जुळवून छापावे लागे. तिथल्या मुद्रकांचा धंदा राखण्यासाठी केलेली ही तरतूद. ज्या पुस्तकाला तिथे छापण्याचीच बंदी, त्याने ती कशी पाळावी? या फटीतून न्यूयॉर्कचा सॅम्युएल रॉथ आत शिरला. 1926 पासून त्याने आपल्या मासिकात 'युलिसिस' क्रमशः छापायला घेतली, तीही काटछाट करून आणि जॉइसची परवानगी न घेता. 2 फेब्रुवारी 1927 च्या तारखेने 167 लेखक-विचारवंतांच्या सह्यांचे निषेधपत्र निघाले. त्यांत आइनस्टाइन होते, येट्स होते, व्हर्जिनिया वुल्फ होत्या, हेमिंग्वे होता. रॉथवर त्याचा इतकाच परिणाम झाला की 1929 मध्ये त्याने संपूर्ण पुस्तकच चोरून छापले. पॅरिसच्या नवव्या छपाईची हुबेहूब नक्कल, प्रकाशकाचे नाव 'शेक्सपिअर अँड कंपनी', मुद्रक दारांतिएर, सगळे खोटे. मजकूर घाईने जुळवलेला, चुकांनी भरलेला.

आता योगायोग पाहा. रँडम हाउसचे बेनेट सर्फ यांनी 1932 मध्ये जॉइसशी करार केला. पॅरिसची एक प्रत मुद्दाम बोटीने न्यूयॉर्कला आणून मुद्दाम जप्त करवली. तिच्यात समीक्षकांची प्रशस्तिपत्रे चिकटवून ठेवली होती, कारण जप्त वस्तूत जे असेल ते न्यायालयापुढे जाते. न्यायाधीश जॉन वूल्झी यांनी 6 डिसेंबर 1933 ला पुस्तक अश्लील नसल्याचा निकाल दिला. आदल्याच दिवशी अमेरिकेतली दारूबंदी उठली होती. निकाल लागताच रँडम हाउसच्या जुळाऱ्यांचे हात चालू लागले आणि 25 जानेवारी 1934 ला पुस्तक बाजारात आले. न्यायमूर्तींचा निकाल आरंभी, जॉइसचे पत्र सोबत. पत्रात त्याने चोरट्या आवृत्तीची हकीकत सांगितली आहे आणि ही अधिकृत आवृत्ती म्हणून तिचे स्वागत केले आहे. आणि जुळाऱ्यांपुढे ठेवलेली प्रत? ती रॉथची. न्यायालयात खरी प्रत उभी राहिली आणि छापखान्यात खोटी गेली. चोराच्या चुका अशा रीतीने औरस ठरल्या आणि अमेरिकी वाचकांच्या एका पिढीने त्या भक्तिभावाने वाचल्या.

युरोपात तोवर बरे काम झाले होते. हॅम्बर्गच्या ओडिसी प्रेसने डिसेंबर 1932 मध्ये काढलेल्या आवृत्तीवर जॉइसचा मित्र स्टुअर्ट गिल्बर्ट याने नजर फिरवली होती. इंग्लंडमध्ये बॉडली हेडने 1936 मध्ये हजार प्रती काढल्या आणि सरकारने या वेळी डोळे मिटून घेतले. त्याच इंग्लंडात दहा वर्षांपूर्वी एफ. आर. लीव्हिस यांनी केंब्रिजच्या व्याख्यानासाठी एक प्रत मागितली, तर पोलिसांकडून चौकशी झाली होती. 13 जानेवारी 1941 ला जॉइस झ्यूरिकमध्ये वारला. पुढच्याच वर्षी बा. सी. मर्ढेकरांची 'रात्रीचा दिवस' आली. जॉइसची पद्धत मराठीत मुरू लागली होती आणि 'संज्ञाप्रवाह' हा शब्दही पुढे आपल्या समीक्षेत रुळला. 1960 मध्ये लंडनला आणि 1961 मध्ये न्यूयॉर्कला पुस्तक पुन्हा जुळवले गेले. माझी पहिली प्रत, 'मदर'वाली, या 1961 च्या कुळातली.

लेखक गेला, वकील थकले, आता प्राध्यापक आले. पाठचिकित्सेची शिस्त मुळात बायबल, ग्रीक-लॅटिन ग्रंथ आणि शेक्सपिअर यांच्यासाठी घडलेली. पुण्यात भांडारकर संस्थेत वि. स. सुकथनकर हीच शिस्त महाभारताला लावत होते. ते बर्लिनला हाइन्रिख ल्यूडर्स यांच्या हाताखाली शिकलेले, आणि त्यांचे आदिपर्व पूर्ण झाले ते 1933 साली, वूल्झींच्या निकालाच्या वर्षी. शेकडो वर्षांच्या पोथ्यांतून मूळ शोधण्याचे काम पुण्यात चालू असताना, अकरा वर्षांच्या पुस्तकाचे मूळ न्यूयॉर्कमध्ये हरवत होते! कादंबऱ्यांकडे ही शिस्त वळली ती बरीच नंतर. डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रेग यांनी 1950 च्या सुमारास मूलपाठ कसा निवडावा याची नियमावली मांडली. ती होती शेक्सपिअरच्या काळासाठी, पण अमेरिकेत फ्रेडसन बाउअर्स यांनी ती आधुनिक लेखकांना लावली. अमेरिकी विद्यापीठे आणि संग्रहालये लेखकांची हस्तलिखिते विकत घेत होती, त्यामुळे ताडून पाहायला सामग्रीही हाती आली. मग विसाव्या शतकाच्या आरंभीच्या इंग्रजी कादंबऱ्या एकेक करून शस्त्रक्रियेच्या टेबलावर आल्या: 1970 नंतर फॉर्स्टर, मग केंब्रिजने हाती घेतलेले लॉरेन्स आणि कॉनरॅड. लॉरेन्सच्या 'सन्स अँड लव्हर्स'मधला सुमारे दशांश मजकूर 1913 मध्ये एडवर्ड गार्नेट यांनी छाटला होता, तो 1992 मध्ये परत बसवला गेला. गार्नेटची छाटणी लॉरेन्सने स्वतः मान्य केली होती, कृतज्ञतेने पुस्तकही त्यालाच अर्पण केले होते. मेलेल्या लेखकाला त्याच्या जिवंतपणीच्या तडजोडीतून सोडवण्याचा अधिकार संपादकाला असतो का, हा प्रश्न मला अजून सुटलेला नाही.

'युलिसिस'ला हात घातला म्युनिकच्या हान्स वाल्टर गाब्लर यांनी. त्यांचे म्हणणे साहसी होते. छापील पहिली आवृत्ती प्रमाण धरून तिच्यातल्या चुका वेचायच्या, ही नेहमीची वाट त्यांनी सोडली. जॉइसने स्वतःच्या हाताने लिहिलेले तेवढेच, हस्तलिखितापासून शेवटच्या मुद्रितावरच्या शेवटच्या भरतीपर्यंत, क्रमाने जोडत जायचे. टंकलेखक आणि जुळारी यांनी मध्ये जे घातले-गाळले ते आपोआप वगळले जाते. रोझेनबाखच्या प्रतीचे छायामुद्रण 1975 मध्ये निघाले होते, त्याने मोठा आधार मिळाला. ताडून पाहायला ट्यूबिंगेन विद्यापीठाची संगणक-प्रणाली होती. 16 जून 1984 ला तीन खंड बाहेर पडले. डाव्या पानावर कंस, बाण आणि खुणांच्या गर्दीत मजकूर थराथराने वाढताना दिसतो, उजव्या पानावर वाचायचा स्वच्छ पाठ. जुन्या पाठापासून पाच हजारांवर फरक, बहुतेक विरामचिन्हांचे. पण 'नदर' परत आले ते इथे. आणि ग्रंथालयातल्या प्रकरणात काही हरवलेल्या ओळी परत आल्या. स्टीफन पुढे मृत आईच्या भुताला सगळ्या माणसांना ठाऊक असलेला शब्द कोणता असे विचारतो. त्या ओळींत उत्तर आहे: प्रेम. गाब्लरच्या मते टंकलिखित करणाऱ्याची नजर एका खुणेवरून पुढच्या तशाच खुणेवर घसरली आणि मधला मजकूर गळाला. विरोधकांचे म्हणणे, जॉइसने नंतर इतक्या वेळा मुद्रिते पाहिली, ओळी हव्या असत्या तर त्याने परत घातल्या नसत्या का? उत्तर न सांगणारा जॉइस मला अधिक जॉइससारखा वाटतो, पण हा झाला रुचीचा कौल. पुराव्याचा कौल कुणीच ठामपणे देऊ शकलेले नाही.

मग अमेरिकेतून जॉन किड नावाचा तरुण अभ्यासक उभा राहिला. 1985 पासून तो गाब्लरच्या चुका काढत होता. 30 जून 1988 च्या 'न्यूयॉर्क रिव्ह्यू ऑफ बुक्स'मध्ये त्याने थेट घोटाळ्याचाच आरोप करणारा लेख लिहिला. त्यातली दोन उदाहरणे विशेष गाजली. सायकल-शर्यतीतला थ्रिफ्ट नावाचा स्पर्धक गाब्लरच्या पाठात श्रिफ्ट झाला होता, आणि क्रिकेट खेळणारा कॅप्टन बुलर कलर झाला होता. दोघेही डब्लिनमधली खरीखुरी माणसे, पुराव्याने सापडणारी. मूळ कागद न पाहता छायाप्रतींवर भिस्त ठेवली की असे होते, असा किडचा टोला. ब्लूमचा 'बूम' करणाऱ्या वार्ताहराचा वारसा थेट संगणकापर्यंत पोहोचला होता. भांडण वर्तमानपत्रांत गेले आणि 1990 मध्ये रँडम हाउसने 1961 चा पाठ पुन्हा बाजारात आणला. किडची स्वतःची आवृत्ती जाहीर झाली, करारही झाला, पण ती कधीच निघाली नाही. गाब्लरचा पाठ आज बहुतेक अभ्यासक ओळींच्या क्रमांकांसह वापरतात. थ्रिफ्ट आणि बुलर त्यात आपल्या नावांनिशी परतले आहेत.

या सगळ्या विद्वत्तेच्या पाठीमागे एक कॅलेंडर टांगलेले होते. इंग्लंडात लेखकाच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षे हक्क चालत, म्हणजे जॉइसचे हक्क 1991 च्या अखेरीस संपणार. नव्या पाठाला नवे हक्क मिळावेत म्हणून तर हा खटाटोप नव्हे ना, अशी कुजबुज गाब्लरच्या वेळीच झाली होती. योगायोगाने रवींद्रनाथ ठाकूरही 1941 चेच, आणि 1991 च्या डिसेंबरच्या अखेरच्या आठवड्यात वटहुकूम काढून भारताने आपली मुदत साठ वर्षांवर नेली ती मुख्यतः त्यांच्यासाठी. युरोपात आधी हक्क संपले, 1995 मध्ये मुदत सत्तर वर्षे होताच ते मेलेले हक्क पुन्हा जिवंत झाले, आणि 2011 सरेपर्यंत जगले. या मधल्या गोंधळात डॅनिस रोझ याने 1997 मध्ये 'वाचकांची आवृत्ती' काढली. सामान्य माणसाला वाचता यावे म्हणून त्याने जॉइसचे जोडशब्द तोडले, विरामचिन्हे घातली. ब्लूमची बायको मॉली शेवटच्या प्रकरणात ज्या विरामहीन ओघात बोलते त्यातही त्याने हात घातला. जॉइसच्या वारसांनी दावा लावला, अप्रकाशित हस्तलिखितांतला मजकूर वापरल्याच्या मुद्द्यावर 2001 मध्ये निकाल रोझच्या विरुद्ध गेला. मला ती आवृत्ती वाचवत नाही. पण पाउंडने वाचकांच्या काळजीपोटी वीस ओळी काढल्या आणि रोझने त्याच काळजीपोटी हजारो चिन्हे घातली, ही भावकी नाकारता येत नाही.

पानांचा शोध तर संपलेलाच नव्हता. 2000 मध्ये वेश्यावस्तीच्या प्रकरणाचा एक कच्चा खर्डा लिलावात निघाला, तो डब्लिनच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने पंधरा लाख डॉलरांना घेतला. 2002 मध्ये जॉइसच्या पॅरिसमधल्या स्नेह्याच्या घराण्याकडून आणखी कागद आले, त्यांना 1 कोटी 26 लाख युरो पडले. सबंध पुस्तकाच्या सुवाच्य प्रतीला 1,975 डॉलर मिळाल्याचा जॉइसला राग आला होता, हे इथे आठवल्यावाचून राहत नाही. आणि नेमक्या याच काळात पुस्तक फुकटही झाले. अमेरिकेत हक्क सरल्यावर गुटेनबर्ग प्रकल्पाच्या स्वयंसेवकांनी ते महाजालावर चढवले. डीजाँच्या जुळाऱ्यांचे काम आता जगभर विखुरलेले, एकमेकांना न ओळखणारे लोक आपापल्या पडद्यावर करू लागले, आणि त्यांच्या चुका रातोरात सुधारता येऊ लागल्या. कोणती चूक आणि कोणती जॉइसची, हे ठरवण्याचे काम मात्र जिथल्या तिथे राहिले.

ऑक्सफर्डने 1993 मध्ये एक वेगळाच मार्ग धरला होता. भांडणारे सगळे पाठ बाजूला ठेवून जेरी जॉन्सन यांनी 1922 ची पहिली आवृत्ती जशीच्या तशी छायामुद्रित केली, चुकांची टिपणे मागे जोडली. शंभर वर्षे झाली तेव्हा, 2022 मध्ये, केंब्रिजनेही तेच केले. कॅथरीन फ्लिन यांच्या संपादनाखालच्या त्या भल्यामोठ्या ग्रंथात डीजाँची पाने पुन्हा उमटली आहेत. झिजलेले खिळे, वेडीवाकडी अंतरे, सगळे जागच्या जागी, आणि समासात व तळाशी टिपा. स्टीफनची तार तिथे पुन्हा 'मदर' अशीच वाचायला मिळते. आरंभी सिल्व्हिया बीचची ती सूचनाही आहे, अपवादात्मक परिस्थितीतल्या अटळ चुकांबद्दल वाचकांची क्षमा मागणारी.